वाचनालयाची जुनी पीएचपी साईट चालू करताना आलेले एरर

आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी कोणीतरी पूर्वी पीएचपीमध्ये (वेबसाइट बनवायची भाषा) केलेली होती, तिचा कोड एका पेन ड्राईव्हवर पडून होता आणि तो परत चालू करायचं माझ्याकडे आलं. पीएचपी मी यावरच शिकलो. नवीन शिकणारे बहुतेक याच एररवर अडकतात म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

आधी झॅम्प टाकलं, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर अपाची सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस चालवणारं पॅकेज. फाईलवर डबल क्लिक करून पीएचपी चालत नाही, ती एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवून ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकून उघडायची, कारण कोड वाचायचं काम सर्व्हर करतो, ब्राउझर नाही. माझ्याकडे अपाची चालूच होईना, ८० नंबरचा पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो) दुसऱ्याच प्रोग्रामने धरून ठेवला होता. अपाचीच्या कॉन्फिग फाईलमध्ये लिसन ८० च्या जागी ८०८० केलं आणि पत्त्यातही लोकलहोस्टपुढे :८०८० लावलं, झालं.

मग आलं पांढरं पान. काहीच नाही, एररसुद्धा नाही. खरं तर झॅम्पमध्ये एरर दिसतात, पण या कोडच्या पहिल्याच ओळीत एरर रिपोर्टिंग शून्य करून ठेवलेलं होतं, म्हणजे तक्रार करायचीच नाही असं सांगितलेलं. ती ओळ काढली तेव्हा कळलं की मायएसक्यूएल_कनेक्ट नावाचं, डेटाबेसला जोडणारं फंक्शनच सापडत नाहीये. ही जुनी फंक्शनं पीएचपी ७ मध्ये, २०१५ च्या शेवटी, काढून टाकली, आता मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरायचं. नुसता नावात आय घालून भागत नाही, जुन्या क्वेरी फंक्शनला आधी क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) द्यायचे आणि नव्याला आधी कनेक्शन द्यावं लागतं. तिथेच हात लावला होता तर जिथे क्वेरीत युजरने टाइप केलेलं थेट चिकटवलं होतं तिथे सगळीकडे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि युजरची व्हॅल्यू वेगवेगळी देणं) केलं, हे टाळू नका, सर्च बॉक्समध्ये कोणी काहीही टाकू शकतं.

पार्स एररमध्ये (कोड लिहिण्यातच चूक असली की येणारा) जो ओळ नंबर येतो तिथे चूक असेलच असं नाही, सेमीकोलन बऱ्याचदा वरच्या ओळीत राहिलेला असतो. आणि एकदम दहा एरर दिसले तर सगळ्यात वरचा आधी घ्या, खालचे पुष्कळदा त्याच्यामुळेच आलेले असतात. 'अनडिफाइन्ड अ‍ॅरे की' म्हणजे फॉर्म अजून भरलाच नाहीये आणि कोड त्यातली व्हॅल्यू मागतोय, तिथे ?? लावून रिकामी व्हॅल्यू द्यायची.

'हेडर्स ऑलरेडी सेंट' (पानाचा मजकूर आधीच गेला आणि कोड त्यानंतर हेडर पाठवायला बघतो) हा एरर मात्र लोकलहोस्टवर आलाच नाही, होस्टिंगवर टाकल्यावर आला, कारण झॅम्पमध्ये आउटपुट बफरिंग (मजकूर लगेच न पाठवता साठवून ठेवणं) चालू असतं आणि तिथे नव्हतं. त्या मेसेजमध्येच आउटपुट कुठून सुरू झालं ती फाईल आणि ओळ लिहिलेली असते. माझ्याकडे ओळ १ होती आणि तिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तो होता बीओएम, एडिटरने फाईलच्या सुरुवातीला घातलेले ३ अदृश्य बाइट. बीओएमशिवाय यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) म्हणून सेव्ह केलं आणि गेला.

सगळ्यात जास्त वेळ मराठीने घेतला आणि त्यावर कुठे नीट लिहिलेलं फार सापडत नाही. पुस्तकांची नावं ???? अशी दिसत होती. टेबल यूटीएफ-८ असून चालत नाही, कनेक्शनलाही मायएसक्यूएलआय_सेट_चारसेट वापरून यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) सांगावं लागतं. प्रश्नचिन्हं फक्त पानावर असतील तर डेटा वाचतो, पण टेबलातच तशी सेव्ह झाली असतील तर मूळ अक्षरं गेली, म्हणून आधी डेटाबेसमध्ये जाऊन बघा.

दुसरं, मोठी नावं २० वर कापलेली होती आणि शेवटी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह येत होतं. साधं सबस्ट्र (मजकुराचा तुकडा कापणारं फंक्शन) बाइट मोजतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं, म्हणजे 'मराठी' हा शब्द स्ट्रलेनच्या (लांबी मोजणारं फंक्शन) हिशोबाने १५. एमबी_स्ट्रलेन ५ सांगतं कारण ते काना आणि वेलांटी वेगळे धरतं, आपण मोजतो तसे ३ हवे असतील तर ग्राफीम_स्ट्रलेन, त्यासाठी पीएचपीच्या आयएनआय फाईलमध्ये इंटल एक्स्टेन्शनपुढचा सेमीकोलन काढायचा आणि अपाची परत चालू करायचं. मी ग्राफीम_सबस्ट्र लावलं, आता नाव कापलं तरी मात्रा तुटत नाही.

सध्या सर्चवर काम चाललंय. 'ॲ' हे अक्षर काही नोंदींमध्ये एकाच कोडचं आहे आणि जुन्या नोंदींमध्ये अ आणि वरचा चंद्र असे दोन कोड, दिसायला सारखंच पण शोधताना सापडत नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणणं) हे दोन्ही एक करत नाही, म्हणून सेव्ह करताना आणि शोधताना दोन्हीकडे स्ट्र_रिप्लेस (एक मजकूर दुसऱ्याने बदलणारं फंक्शन) लावतोय, आणि जुन्या नोंदी एकदा अपडेट क्वेरीने बदलून घेणार आहे, अर्थात बॅकअप घेऊन.