‘कंटाळा आला’वर द्राक्षांच्या खोक्यांचा उतारा

मे महिन्यात नाशिकचं ऊन चाळिशीला टेकतं, जेवणं उरकतात आणि दोनच्या ठोक्याला मुलांचं ‘कंटाळा आला’ सुरू होतं. लगेच खेळ सुचवू नका. तुम्ही सुचवलात की दहा मिनिटांनी ‘आता पुढे काय?’ हेही तुम्हालाच विचारणार. त्यापेक्षा सामान द्या आणि एक अडचण उभी करा.

सामान म्हणजे द्राक्षांचे रिकामे खोके. हंगाम संपताना फळवाल्याकडून चार-पाच आणून ठेवावेत. जास्त नकोत, मग मुलं नुसती रचतात आणि पाडतात. पिना असतील तर पकडीने आधीच काढा. हवेची भोकं दोरी ओवायला आयतीच मिळतात. पुठ्ठ्यातल्या पन्हळींच्या दिशेने घडी घातली तर दार सरळ उघडतं, आडवी घातली तर चुरगळतं. पन्हळी उभ्या ठेवल्या तर भिंत वजन पेलते. हे मुलांना सांगायची घाई करू नका, एक दार फाटलं की कळतं. चिकटवायला मास्किंग टेप द्या, हाताने तुटतो. खळ स्वस्त खरी, पण ती वाळेपर्यंत पाच वर्षांच्या मुलाचा उत्साह मावळलेला असतो.

आता अडचण. खोके म्हणजे गोदाकाठच्या भांडी बाजारातली दुकानं, निळी ओढणी म्हणजे गोदावरी. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून नाशिककर पुराचं पाणी मोजतात, तेच इथे वापरायचं. ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलंय, माल कुठे हलवणार?’ एवढंच म्हणायचं आणि स्वयंपाकघरात जायचं. खेळ रेंगाळला तरच बाहेरून ओरडायचं, ‘कमरेला लागलं!’ उत्तरं त्यांची. डबे सोफ्यावर चढतील, माळ्याला दोरी बांधायची भाषा होईल (तेवढी मात्र थांबवा).

दुकान आलं की पैसे आले. नोटांचा छापखाना नाशिकरोडलाच आहे, तेव्हा नोटेत गुप्त खूण हवीच. साध्या पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने दाबून खूण काढायची. वरून पातळ जलरंग फिरवला की मेणावर पाणी ठरत नाही आणि खूण पांढरी उमटते. रंग दाट असला तर मेणही झाकलं जातं. चकचकीत कागद रंग शोषत नाही, तो नको.

सगळ्यात मोठी चूक संध्याकाळी होते, ‘पसारा आवरा’ म्हटलं की. बाजार कोपऱ्यात तसाच राहू द्या, उद्या दुपारी मुलं आपणहून तिथेच बसतील. केर काढायला येणाऱ्या मावशींना तेवढं सांगून ठेवा.