दात रुमालात बांधून आणू नका

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की माझ्या दवाखान्यात संध्याकाळी पोरांचं येणं वाढतं. ओठ सुजलेला, शर्टावर रक्त, सोबत तीन-चार दोस्त आणि त्यातल्या एकाच्या खिशात रुमाल. रुमालात दात. कोरडा ठणठणीत, वर नळाखाली घासघासून 'स्वच्छ' केलेला! बहुतेक वेळा वरचा, अगदी समोरचा. ज्यांचे दात पुढे असतात त्यांचा तर पहिला.

दाताच्या मुळावर एक पातळ, जिवंत आवरण असतं. ते दाताला हाडाशी धरून ठेवतं. दात बाहेर कोरडा राहिला तर तासाभरात त्या पेशी मरतात. घासलं तर मी बघायच्या आधीच संपलं. म्हणजे दात वाचणार की नाही, हे माझ्या खुर्चीत नाही, मैदानावरच ठरतं.

म्हणून दात पडला की तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाईनने नुसता विसळा. तेही नसेल तर वाहत्या पाण्याखाली क्षणभर धरा. पोरगा शुद्धीवर असेल तर दात तिथल्या तिथे होता त्या जागी बसवा, स्वच्छ रुमाल चावायला द्या आणि निघा. (रुमालाचा खरा उपयोग हा.) हिंमत होत नसेल तर दात थंड दुधात बुडवून आणा, पाण्यात ठेवू नका. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी पिळून दूध देणाऱ्या या गावात दूध मिळालं नाही, ही सबब मी ऐकून घेत नाही. पण पोरगा बेशुद्ध पडला असेल, उलट्या होत असतील, तर दाताचं नंतर. आधी मोठा दवाखाना. आणि लहान भावंडाचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नसतो. खाली येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते.

बसवलेला दात मी शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधते. मुळाची वाढ पूर्ण झालेली असेल तर त्याच काळात रूट कॅनॉल सुरू करावं लागतं.

उशीर झालेलाही दात मी बऱ्याचदा बसवते. तो पुढे हाडाला चिकटतो, मूळ हळूहळू विरघळतं, जबडा वाढत राहिल्याने आखूडही दिसू लागतो. तरी तेवढी वर्षं हाड टिकतं. 'त्यापेक्षा इम्प्लांट करून टाका, पैशाचं बघू' असं वडील म्हणतात. (इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात.) चौदा वर्षांच्या पोराला इम्प्लांट करत नाहीत हो, जबड्याची वाढ थांबेपर्यंत थांबावं लागतं.

उशीर का होतो? निम्म्या वेळा पोरं घरी सांगतच नाहीत. विशेषतः गाडीवरून पडलेली, कारण लायसन नसताना ट्रिपल सीट. दुसऱ्या दिवशी आई घेऊन येते आणि 'जिन्यावरून पडला' म्हणते. हनुवटीवरचं खरचटणं बघून मला कळतं, पण मी वाद घालत नाही.

माऊथगार्डचं, म्हणजे खेळताना दातांवर घालायच्या मऊ कवचाचं, मात्र मी सगळ्यांच्या मागे लागते. दाताचं माप घेऊन केलेला उत्तम, पण गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचाही काही नसण्यापेक्षा बरा. पोरांना तो नको असतो, बोलता येत नाही म्हणतात. एका तालमीच्या फुटबॉल संघाच्या कोचनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, हे घालून पोरांना शिव्या देता येतील का?"

येतात. जरा बोबड्या येतात.