रिकामी चौकट

आज नववीच्या वर्गात मी माती खाल्ली. धर्मांवरचा पाठ संपवता संपवता सवयीने बोलून गेले, "शेवटी सगळे धर्म एकच सांगतात." हे वाक्य सोयीचं आहे, कुणी दुखावत नाही. मागच्या बाकावरून हात वर. "मॅडम, जैन धर्मात सृष्टिकर्ता ईश्वर नाहीच ना? ख्रिस्ती लोक त्रैक्य मानतात, म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा; इस्लाम ते नाकारतो. मग एकच कसं?"

गप्प. खडू हातातच.

पोरगी बरोबर होती. सगळ्यांना एकाच रंगात रंगवणं म्हणजे आदर नव्हे, आळस आहे. (माझाच.)

निनियन स्मार्ट या अभ्यासकाने धर्माकडे बघायचे सात पैलू मांडले: विधी, कथा, अनुभव, सिद्धांत, नीती, समाज, वस्तू-वास्तू. मी गेली कित्येक वर्षं सिद्धांत आणि कथांवरच अडकलेय. परीक्षेत तेच विचारता येतं, दुसरं काय!

पण डोक्यातून जात नाहीये ती वेगळीच गोष्ट. मी वाटलेल्या कागदावर 'तुमचा धर्म' अशी चौकट होती. एकाने तिथे पेन्सिलीने काहीतरी लिहून इतकं खोडलं होतं की कागद फाटायला आला होता. तास संपल्यावर हळूच म्हणाला, "आमच्या घरी कुणीच देव मानत नाही. काय लिहू?"

नास्तिकताही जगाकडे बघायची एक दृष्टीच, हे मीच शिकवते. आणि चौकट मात्र मीच आखलेली.

उद्याचे कागद छापून तयार आहेत. आता बसलेय व्हाइटनर घेऊन.