विंडोज ११चं मोफत अपग्रेड : तीन मशिनं, तीन वेगळी उत्तरं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपणार हे आधीच जाहीर झालं होतं, म्हणून त्या तारखेआधीच घरातल्या तिन्ही कॉम्प्युटरचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. अपग्रेड फुकट आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण त्यात दोन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ ते एकत्र केल्यामुळे होतो. मशीन विंडोज ११ चालवायला पात्र आहे का, हा एक. आणि आत्ता त्यावर जे विंडोज १० चालू आहे त्याचं लायसन्स खरोखर त्या मशीनचं आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे छोटं ॲप देतं. दुसरं आपलं आपणच शोधावं लागतं.

सुरुवात माझ्या असेंबल्ड डेस्कटॉपपासून केली. नवव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, भरपूर रॅम, तरी ॲपने लाल फुली दाखवली : टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) सापडत नाही, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही. असं दिसलं की लोक लगेच नवं मशीन बघायला लागतात, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं. कारण या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसाठी टीपीएमची सोय बहुधा फर्मवेअरमध्येच, म्हणजे मदरबोर्डमध्ये बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, असते, फक्त बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ती पीटीटी नावाने सापडते, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम म्हणून. ती चालू केल्यावर पहिली अडचण मिटली.

सिक्युअर बूटचं दुखणं जरा खोल होतं. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’समोर ‘लेगसी’ लिहिलेलं होतं, म्हणजे विंडोज जुन्या पद्धतीने, एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं. सिक्युअर बूट चालतं ते यूईएफआय या नव्या पद्धतीतच, आणि यूईएफआयमधून विंडोज सुरू व्हायला डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची हवी. त्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नाही. विंडोज १०मध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे. आधी बॅकअप, मग त्या टूलची नुसती तपासणी करणारी कमांड, ती पास झाली की प्रत्यक्ष रूपांतर, आणि लगेच बायोसमध्ये जाऊन लेगसी बदलून यूईएफआय. हा क्रम सोडू नका, कारण रूपांतरानंतर लेगसी मोडमध्ये मशीन बूटच होत नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर हे सगळं करण्याआधी तो सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. मी दोन्ही केलं होतं, म्हणून रीस्टार्टचं बटण बिनधास्त दाबता आलं.

लायसन्सचं म्हणाल तर इथे काही प्रश्नच नव्हता. एसएलएमजीआर कमांडला डीएलआय जोडून चालवली की एक छोटी खिडकी उघडते आणि त्यात लायसन्स कोणत्या चॅनलचं, म्हणजे कोणत्या मार्गाने आलेलं, ते कळतं. माझं रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, निघालं. रिटेल लायसन्स उद्या दुसऱ्या मशीनवर नेता येतं. ओईएम मात्र ज्या मशीनसोबत आलं त्याच्यासोबतच संपतं. विंडोजच्या होम आवृत्तीवरून होम आणि प्रोवरून प्रो मिळतं, आणि अपग्रेडमध्ये नवी की कुठेच विचारत नाहीत.

खरी परीक्षा धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपने घेतली. आठव्या पिढीचा, कंपनीतून बाहेर पडलेला, रिफर्बिश्ड म्हणून घेतलेला. हेल्थ चेकमध्ये सगळं हिरवं. विकणाऱ्याने ‘ओरिजिनल विंडोज, ॲक्टिव्हेटेड’ असं सांगितलं होतं. पण सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडलं तर तिथे ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे’ अशा अर्थाची ओळ. बहिणीची कुठली संस्था? तीच कमांड चालवली आणि चॅनल आलं व्हॉल्यूम, केएमएस क्लायंट. हे लायसन्स संस्थांसाठी असतं आणि त्याचं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. तेवढ्यात संस्थेच्या सर्व्हरशी पुन्हा संपर्क झाला तरच ते पुढे टिकतं. घरी वापरणाऱ्या माणसाकडे ते असण्याचं काही कारणच नाही. अपग्रेड कदाचित झालंही असतं, कारण पात्रता हार्डवेअरवरून ठरते, पण तेच उसनं लायसन्स विंडोज ११वर जाऊन बसलं असतं.

इथे बरेच जण हात टेकतात आणि नवी की विकत घेतात. त्याआधी एक गोष्ट जरूर बघा. विंडोज ८पासून ब्रँडेड मशिनांची की स्टिकरवर नसते, मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच साठवलेली असते. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड खिडकीतून ती वाचता येते. मी वाचली आणि स्क्रीनवर पाच-पाच अक्षरांचे पाच गट उमटले : विंडोज १० प्रोची, याच लॅपटॉपची स्वतःची की. लॅपटॉप पुसून त्यावर दुसरंच विंडोज टाकताना कुणी ती तपासलीच नव्हती. सेटिंग्जमधून की बदलली, ॲक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्स आलं, चॅनल बदलून ओईएम झालं, आणि मगच अपग्रेडला हात घातला. लगेच ते लायसन्स बहिणीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून टाकलं.

अपग्रेडबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ते आपलं आपण होतं. नाही आवडलं तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधूनच मागे जाता येतं, तोवर डिस्कवरचा, जुनं विंडोज ठेवलेला विंडोज डॉट ओल्ड हा फोल्डर उडवू नका.

राहिला आईचा कॉम्प्युटर. सातव्या पिढीचा प्रोसेसर, आणि इंटेलची ही पिढी थोडे अपवाद सोडले तर मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाही. लायसन्स स्वच्छ ओईएम, पण इथे त्याचा उपयोग नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, बदल करून तपासणी चुकवता येते, तरी मी तो मार्ग घेतला नाही : अशा मशिनांना पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आई त्यावर बँकेची कामं करते. त्याऐवजी एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्समध्ये, म्हणजे सपोर्ट संपल्यावरही विंडोज १०ला सुरक्षेचे अपडेट देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या योजनेत, नोंदणी केली. त्यासाठी मशीन विंडोज १०च्या २२एच२ आवृत्तीवर असावं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर चालू केला की वेगळे पैसे पडले नाहीत. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर हे पर्याय होते. सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत येत राहतील. त्यानंतर आईसाठी नवं मशीन घ्यावं लागेल आणि त्याचं लायसन्स त्याच्यासोबतच यायला हवं, कारण हे ओईएम लायसन्स तिथे नेता येणार नाही.