एकाचं डोकं, दुसऱ्याची शेपटी

कापसाच्या हंगामात हिंगणघाट-वणीकडे "गाडी जिनात लागली काय?" असं कोणी विचारलं, तर ऐकणाऱ्याला बाटलीची शंका येत नाही. इंग्रजीत मात्र रुईचं जिन (कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारं यंत्र) आणि दारूची जिन यांचं स्पेलिंग अगदी एक, आणि नातं काडीचंही नाही. रुईचं जिन म्हणजे 'एंजिन'चं उरलेलं टोक. त्याचं मूळ लॅटिन इंजेनियम, म्हणजे अंगची अक्कल. एली व्हिटनीने १७९४ मध्ये पेटंट घेतलेल्या जिनाला तारांचे दात होते, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन रुळांचं जिन चालतं. नाव तेच टिकलं. दारूचं नाव जुनिपरच्या फळांवरून आलं: लॅटिन जुनिपेरस, डच येनेव्हर, इंग्रजांच्या तोंडी जिनिव्हा (त्या शहराचा इथे संबंध नाही), मग नुसतं जिन. एका शब्दाचं डोकं उडालं, दुसऱ्याची शेपटी, आणि उरलेले तुकडे सारखे निघाले.

'बेल'चा घोळ आणखी मोठा, कारण त्यात आपली नागरी लिपीही भर घालते. रुईचा उतारा शेकडा ३४ पडला, तर पाच क्विंटल कापसातून १७० किलोची एक गाठ बांधली जाते. व्यापाऱ्याच्या कागदावर तीच बेल. कोर्टात मिळते तीही बेल. पहिलीच्या शेवटी एल-ई, दुसरीच्या शेवटी आय-एल. गाठीची बेल फ्रेंचमधून आली तरी मुळात जर्मॅनिक, चेंडूच्या 'बॉल'ची नातलग. जामिनाची बेल लॅटिन बाजुलारे, म्हणजे ओझं वाहणे, यातून निघाली. फ्रेंचमध्ये तिचा अर्थ 'हवाली करणे' झाला. समन्स घेऊन येणारा बेलिफ तिच्याच घरातला. महादेवाला वाहतो तो बेल संस्कृत बिल्वाचा, त्याला या भानगडीत ओढू नये.

तीन-चार अक्षरांच्या शब्दांत अशी टक्कर होणारच. म्हणून आजच्या स्पेलिंगवरून नातं जुळवू नये, शब्दाचं सर्वांत जुनं रूप शोधावं. कॉट आणि कॉटन घ्या. कॉटन अरबी कुत्नवरून आलं. कॉट म्हणजे आपली खाट. सतराव्या शतकात इंग्रजांनी उचलली, आणि आता आपण "दवाखान्यात कॉट खाली नाही" म्हणतो. जुन्या इंग्रजीत झोपडीलाही कॉटच म्हणत, 'कॉटेज' त्यावरूनच. म्हणजे इंग्रजीत कॉटमध्ये कॉट टाकून खुशाल झोपता येतं, दोघांची एकमेकांशी ओळखदेख नसताना.