सहाव्या शीटचा कोपरा

पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम.आर्क.च्या, म्हणजे वास्तुकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, शेवटच्या सत्राच्या ज्युरीला (परीक्षकांसमोरच्या सादरीकरणाला) मी बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. दिवसभरात १४ प्रबंध होते आणि प्रत्येकाला २५ मिनिटे होती. त्यांतली निम्मी मिनिटे आम्ही परीक्षकच एकमेकांवर छाप पाडण्यात घालवतो, हे बाहेरच्या कुणाला खरे वाटणार नाही.

जेवणानंतरच्या पहिल्या विद्यार्थिनीने कसबा पेठेतल्या एका दुचौकी वाड्याचे वाचनालय केले होते आणि मागच्या चौकात सभा भरवता यावी म्हणून चौकाची जमीन थेट ओसरीच्या पातळीला आणली होती. माझे निम्मे आयुष्य वाड्यांच्या दुरुस्तीत गेले आहे. चौक ओसरीहून पायरी-दोन पायऱ्या खाली असतो, तो शोभेसाठी नव्हे. चारही छपरांचे पाणी तिथे उतरून दगडी मोरीवाटे बाहेर पडते. तो भरून काढला की पाणी ओसरीवर चढते, तळखड्यांपाशी, म्हणजे खांबांखालच्या दगडांपाशी, ओल मुरून सागवानी खांबांची बुडे कुजू लागतात आणि पाठोपाठ मातीच्या भिंती फुगतात. १९६१ साली पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या पेठांतले वाडे कसे बसले, हे घरी ऐकतच मी वाढले आहे. त्यामुळे मी जरा चढ्या आवाजातच विचारले, “पावसाचे पाणी जाणार कुठे?”

ती “मॅडम, ते...” एवढेच म्हणाली, तोच शेजारच्या नगररचनाकारांनी सार्वजनिक अवकाशावर व्याख्यान सुरू केले, आणि ते संपले तेव्हा तिची वेळही संपली होती. मी कमी गुण देऊन सही केली.

चहाच्या वेळी भिंतीवरच्या शीट पुन्हा पाहिल्या, तेव्हा सहाव्या शीटच्या खालच्या कोपऱ्यात १:२० प्रमाणातला एक सेक्शन (उभ्या छेदाचे रेखाटन) दिसला. जुनी फरसबंदी आणि मोरी जागच्या जागी ठेवून तिने वर दगडी ठोकळ्यांवर उघड्या सांध्यांच्या फरश्या टेकवल्या होत्या. पाणी सांध्यांतून खाली जाणार होते आणि मोरी साफ करायला चार फरश्या उचलता येणार होत्या. मला स्वतःला हे सुचले नसते.

पॅरिसच्या एकोल दे बोझार या जुन्या कला-वास्तुकला विद्यालयात ज्युरी बंद दाराआड, विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत होत असे, आणि ती पद्धत अन्यायाची म्हणून आपण मोडीत काढली. पण तिथे बोलायला विद्यार्थीच नसल्यामुळे परीक्षकांना निदान रेखाटने तरी पाहावी लागत असतील.

गुणपत्रिकेचे पाकीट तोवर लाखबंद झाले होते. समन्वयक म्हणाले, “अंतर्गत गुणांत सांभाळून घेऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” हे असे सांभाळून घेणे मला कधीच पटलेले नाही, पण त्या वेळी मी गप्प बसले.

ती विद्यार्थिनी आपल्या शीट गुंडाळत होती. मी सेक्शनबद्दल बोलले, तेव्हा तिने मान न वाकवता, अगदी साधेपणाने सांगितले, “मॅडम, तुम्ही विचारलंत तेव्हा ते सर त्या शीटसमोरच उभे होते. मी त्यांना बाजूला व्हा कसं म्हणणार?”