पंक्चरला तीन आठवडे, म्हणून घरात स्टँड

पंक्चर काढायला तीन आठवडे थांबा असं जिथे सांगतात त्या नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, हे आधी लक्षात घ्या. माणसं १ कोटी ८० लाख, सायकली २ कोटी ३० लाखांच्या घरात, आणि माझ्या मागच्या चाकाची हवा का जातेय एवढं बघायला अपॉइंटमेंट. दुकानातल्या मुलाने सायकलकडे बघितलंसुद्धा नाही, कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, आमच्याकडूनच घेतलीये का? म्हटलं नाही, सेकंडहँड आहे. मग म्हणे आमच्याकडून घेतलेल्या आधी, तुमची त्यानंतर. आवाज चढवणं नाही, तुसडेपणा नाही, भांडायला काही सापडूच नये असं बोलणं. त्याच्या मागे भिंतीवर दरपत्रक, मजुरी तासाला साठ युरोच्या पुढे. बरं, सायकल दुरुस्तीवर इथे कर कमी आहे, ९ टक्के, बाकी बहुतेक गोष्टींवर २१. म्हणजे सरकारलासुद्धा वाटतं लोकांनी दुरुस्त करून वापरावं, फक्त करणार कोण ते सरकारने सांगितलेलं नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं तर त्यांना आधी खरंच वाटेना. "अगं मग उलटी कर आणि काढ की! त्यात काय एवढं?" बाबांनी नोकरीची सगळी वर्षं सांगलीत काळ्या सायकलवर काढली, त्यांच्या दृष्टीने सायकल बिघडणं म्हणजे कोपऱ्यावर थांबून चहा होईपर्यंतचं काम. आणि घरीच दुरुस्ती करायला सायकल हवेत धरणारा स्टँड घ्यावा म्हणतेय म्हटल्यावर तर हसायलाच लागले. "आमच्या सायकलला स्टँड अंगचाच असतो!" हे मात्र शंभर टक्के खरं आहे हां. ती जुनी काळी सायकल मागच्या स्टँडवर चढवली की मागचं चाक जमिनीपासून वर, पॅडल हाताने फिरवा, चेनला तेल सोडा, चाक आऊट आहे का बघा, सगळं तिथल्या तिथे. ही सोय आपल्याकडे दूधवाल्याच्या सायकललासुद्धा आहे आणि इथे लोक त्यासाठी दोनशे युरो मोजतात.

पण उलटी का करता येत नाही हे बाबांना पटवायला मला बराच वेळ लागला, तुम्हालाही सांगून टाकते म्हणजे कमेंटमध्ये तेच येणार नाही. माझी ई-बाईक आहे, बॅटरीसकट पंचवीस किलोच्या आसपास. हॅण्डलवर डिस्प्ले, तो फरशीवर घासणार. ब्रेक हायड्रॉलिक आहेत, वर लिव्हरपाशी थोडी जरी हवा अडकलेली असली तरी उलटी केल्यावर ती ब्रेकच्या दिशेने सरकते आणि सरळ केल्यावर लिव्हर पोकळ लागतो. आणि मागे धाकट्याची सीट आहे, तिची पाठ माझ्या सीटपेक्षा उंच, म्हणजे उलटी केली तर सगळा भार एका प्लास्टिकच्या पाठीवर. शिवाय उचलून उलटी करणार कोण, मी पाच फूट एक इंच.

मग सुरू झाला शोध, आणि आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची म्हणजे आधी तुलनेचा एक्सेल होतो (नवरा). सगळ्यात स्वस्त ते मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूच्या पाइपांना हुक लावून उचलणारे, चाक दोन-तीन इंच वर येतं, गिअरच्या स्पोर्टी सायकलला छान. माझ्या सायकलला चेनवर पूर्ण कव्हर, बाजूला मडगार्डचे आधार, हुक अडकवायला जागाच नाही. भिंतीत बसवायचा मिळतो, तो सगळ्यात मजबूत, पण घर भाड्याचं, सोडताना भोकं बुजवून द्या वगैरे आलंच. छताला कप्पीने टांगायचा तर स्टोअररूमचं छत माझ्या मालकीचं नाही.

राहिले जमिनीवर उभे राहणारे, आणि खरं भांडण इथे झालं. नवऱ्याला हवा होता रेसिंगवाल्यांचा, ज्यात पुढचं चाक काढून ते धरणारा फोर्क पकडतात आणि सायकल, पॅडलचा आस जिथे बसतो त्या फ्रेमच्या खालच्या भागावर बसते. त्याच्या कार्बनच्या सायकलसाठी तो बरोबरच आहे, कारण कार्बनचा पाइप स्टँडच्या जबड्यात, म्हणजे चिमट्यासारख्या पकडीत, आवळायचा नसतो, बाजूने दाब आला की तडा जाऊ शकतो, आणि त्याची सीटची दांडी चपटी आहे, साध्या जबड्यात ती नीट बसत नाही. हे सगळं मान्य. पण ती सायकल फिरते रविवारी सकाळी, हवा चांगली असली तर, ॲमस्टरडॅमजवळच्या आउडरकेर्क गावाच्या पुढे पोल्डरला (पाणी उपसून काढलेली सपाट जमीन) एक चक्कर मारून परत. माझी रोज जाते. शाळा, स्टेशन, भाजी, पावसात, समोरून वाऱ्यात. मग स्टँड कुणाच्या सायकलला धार्जिणा असावा? एक्सेलमध्ये हा कॉलम नव्हता, मी घातला.

म्हणून जबड्याचा स्टँड. सीटची दांडी पकडतो, सायकल हवेत. ऑनलाइन चाळीस-पन्नास युरोला पण मिळतात, वर लिहिलेलं असतं तीस किलो चालेल. तीस किलो नुसते टांगून ठेवायला चालत असतील, पण घट्ट बसलेलं पॅडल पान्याने सोडवताना आपण जो जोर लावतो त्याचं काय? मैत्रिणीकडे बघितला ना, पान्यावर जोर दिला की पॅडल हलायच्या ऐवजी अख्खी सायकल गोल फिरते आणि स्टँडचा एक पाय उचलला जातो. तीन पायांचा असेल तर एक पाय बरोबर सायकलच्या खाली, जबड्याच्या दिशेनेच यायला हवा, नाहीतर कितीही महाग घ्या, आडवा होणार.

शेवटी मार्क्टप्लाट्सवर, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या साइटवर, जुना पार्क टूलचा मिळाला. ही अमेरिकन कंपनी, १९६३ पासूनची, त्यांचा तो निळा रंग दुकानांमध्ये दिसतो. विकणारे आजोबा हार्लेमचे. मी ठरवून गेले होते की घासाघीस करायची, आपण काय लक्ष्मी रोडवर मोठे झालेले नाही का (मी सांगलीची, पण लग्नानंतर पुण्याची). तर आजोबांनी एक युरो कमी केला नाही, वर मला म्हणाले, "तुझ्या उंचीला हा स्टँड मोठा आहे." तोंडावर! दरवाजात! मी जरा फुगलेच. पण मग त्यांनी पैसे घ्यायच्या आधी बायकोची सायकल बाहेर काढली, तीही ई-बाईकच, आणि म्हणाले आता तू चढव, मी बघतो.

मी दोन्ही हातांनी उचलायला गेले तर थांबवलं. आधी बॅटरी काढ, तीन किलो तिथेच कमी. मग जबडा सगळ्यात खाली आणलेला, त्याचं तोंड थोडं तिरकं फिरवलेलं. आणि अख्खी सायकल उचलायचीच नाही, फक्त मागची बाजू, पुढचं चाक जमिनीवरच राहू दे. एका हाताने सीटखाली धरून मागून वीतभर वर, दुसऱ्या हाताने जबडा बंद. सायकल नाक खाली करून उभी राहिली, मागचं चाक मोकळं फिरतंय, निम्मं वजन जमिनीवर. बास. मला पाठ धरायची वेळच आली नाही. अजून एक सांगितलं, माझ्यासारख्या बुटक्या लोकांची सीट पार खाली बसवलेली असते, दांडीला पकडायला जागाच उरत नाही, तर आधी दांडीवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून खूण करायची, सीट वर घ्यायची, काम झाल्यावर खुणेपर्यंत परत खाली. हे कुठल्या रिव्ह्यूत नव्हतं. तिथे सगळे सहा फुटी लोक आठ किलोच्या सायकली टांगतात.

त्या शनिवारी पंक्चर मीच काढलं. मागचं चाक काढावं लागलंच नाही, टायर एका बाजूने सोडवून ट्यूब तेवढी बाहेर ओढायची, इथेही तसंच करतात आणि सांगलीच्या कोपऱ्यावरही तसंच. धाकट्याच्या आंघोळीच्या टबात पाणी, बुडबुडे बघायला दोन्ही पोरं हजर. टायरच्या आतून अंगठा फिरवत गेले तेव्हा काचेचा कण लागला, तांदळाच्या कणीएवढा, बाहेरून अजिबात दिसत नव्हता. तो न काढता नुसतं पॅच लावलं असतं तर दुसऱ्या दिवशी परत तेच.

बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "आपल्याकडे वीस-तीस रुपयांत झालं असतं." झालं असतं, कबूल. पण बाबा, ज्याने तुमची पंक्चरं काढली त्याच्या दोन्ही मुलांनी ते काम केलं नाही, एक रिक्षा चालवतो, एक मॉलमध्ये आहे, आणि कारण ते वीस-तीस रुपयेच आहेत. इथला मुलगा सहाला दुकान बंद करून त्याच्या चांगल्या सायकलवर घरी जातो. त्याच्या तासाला साठ युरो लागतात म्हणून मी ओरडते, पण त्याला ते मिळतात याचा रागही येत नाही. तीन आठवड्यांचा मात्र येतो. तो येणारच.

आणि ज्यांना पंक्चरही जमत नाही आणि दुकानही परवडत नाही त्यांच्यासाठी इथे रिपेअर कॅफे आहेत, २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मार्टीन पोस्टमा यांनी पहिला सुरू केला, आता गावोगावी भरतात. काका-मावश्या फुकट शिकवतात, पण पाना आपल्याच हातात देतात.

आइंडहोवनवरून एकीने विचारलंय की कार्गो बाईकला (मुलं-सामान न्यायची मोठी सायकल) हा स्टँड चालेल का. नाही गं, ती पन्नास किलोच्या आसपास असते, कुठलाच घरगुती जबडा त्यासाठी नाही, ती तिच्या स्वतःच्या दोन पायांच्या स्टँडवरच राहू दे आणि त्या पायांखाली लाकडाची फळी सरकव. बाकी सगळ्यांनी घेण्याआधी इंचटेप घेऊन स्टोअररूम मोजा, पाय उघडल्यावर चार फुटांचा घेर होतो, आणि दार कुठे उघडतं तेही बघा. आमचं आत उघडतं, त्यामुळे स्टँड लावला की मी आत आणि पोरं बाहेर, जी सोयच आहे म्हणा.